हापसा आणि दातांची पुस्तकं

सिंधुनं आधी भाचीच्या हातातला विटेचा तुकडा काढून घेतला, मग पायातल्या चपला काढल्या.

"हे काय करायलीस गं?"

पंचशीला न्हाणीच्या दगडावर उकिडवी बसली होती. हनुवटीवर लाल ओघळ होते. त्यात वीट किती आणि रक्त किती, ते कळत नव्हतं. तिनं चूळ भरली आणि हाताच्या पाठीनं तोंड पुसलं.

"दुपारी पाव्हणे यायलेत, आत्या. राखुंडीनं जाईना, कोळशानं जाईना. म्हणलं, वीट बघावी."

"विटेनं दात जातील. डाग न्हाई जायचे."

पोरीचे दात तसे सरळ, एका ओळीत बसवल्यासारखे. पण पुढच्या प्रत्येक दातावर पिकल्या कवठाच्या गरासारखा तपकिरी पट्टा. आधी ती तोंडावर हात धरून हसायची. मग हात धरायचा कंटाळा आला असावा, तिनं हसणंच सोडलं. आजवर जे जे पाव्हणे बघून गेले, त्यांचा निरोप एकच आला. पोरगी रंगानं, बांध्यानं बरी, शिकलेली. पण मिसरी लावती. दहावी पास पोरीला एवढ्या वयात तंबाखूचं व्यसन म्हणजे पुढं काय? पंचशीलाच्या आईनं, गुणाबाईनं, तिची पेटी कितीदा तरी पालथी घातली होती. मिसरीची डबी सापडली नाही. त्यावरून गुणाबाईनं एवढाच अर्थ काढला की पोरगी लपवण्यात पटाईत आहे.

सिंधुनं खांद्यावरची पिशवी भिंतीला टेकवून ठेवली. पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक होतं.

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा ऑफिसं आली, ऑफिसांमागं नोकऱ्या आल्या, आणि सातवी पास, नवऱ्याच्या माघारी भावाकडं राहणाऱ्या सिंधुला शहरातल्या एका वाचनालयात शिपायाची जागा मिळाली. पुस्तकं झटकायची आणि जागच्या जागी ठेवायची, एवढंच काम. झटकता झटकता ती उघडायची सवय तिला कधी लागली, ते तिचं तिलाच कळलं नाही. गेल्या महिन्यात गंजगोलाईजवळच्या एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरनं दवाखाना बंद केला. मुलाकडं हैदराबादला जाताना आपली कपाटभर पुस्तकं त्यानं वाचनालयाला देऊन टाकली. ग्रंथपाल शिवलिंग सर म्हणाले, "सिंधुबाई, डॉक्टरकीची एकीकडं लावा आणि ह्या रहस्यकथा दुसरीकडं. एका कपाटात कशा आल्या, देव जाणे."

त्या एका कपाटात का होत्या, ते सिंधुला दोन-तीन वाचल्यावर समजलं. डॉक्टरनं आयुष्यभर फक्त दात गोळा केले होते. एका कादंबरीत चोर अर्धा खाल्लेल्या पेरूवरून सापडत होता. एकीत सोन्याच्या दातापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठत होते. आणि एका फाटक्या कव्हराच्या कादंबरीत आटलेल्या तळ्यात एक कवटी मिळत होती. फौजदार कवटीच्या दातांवरचे तपकिरी पट्टे बघून सांगायचा, हा माणूस लहानपणी अमुक गावचं पाणी पिऊन वाढलेला आहे. तिथल्या जमिनीत क्षार आहे, तिथल्या सगळ्यांचे दात असेच असतात.

सिंधु फडकं हातात धरून तशीच उभी राहिली होती. मग तिनं डॉक्टरकीच्या पुस्तकांतली चित्रं धुंडाळली. एका पानावर कुणाचं तरी उघडं तोंड होतं. ते पंचशीलाचंच होतं म्हटलं तरी चाललं असतं. शिवलिंग सरांनी खालचं इंग्रजी वाचून तिला मराठीत सांगितलं, दोनदा सांगितलं. पुस्तक वाचनालयाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. सर म्हणाले, "मी आज चष्मा विसरलोय असं समजा."

"दादा कुठंय?" सिंधुनं विचारलं.

"हापशावर. आणि कुठं?"

तिचा भाऊ मारोती हापशाचा दांडा मारत होता. बौद्धवाड्याच्या तोंडाशी, लिंबाखाली तो हापसा. बहात्तरच्या दुष्काळात गावातली विहीर तळाला गेली, आणि वाड्यातल्या बायकांच्या घागरीत वरून कुणीतरी पाणी ओतायचं तेही बंद झालं, तेव्हा मारोती तहसील कचेरीसमोर जाऊन बसला होता. उठवलं की उठायचा आणि पुन्हा बसायचा. शेवटी बोअरची गाडी आली आणि ती वाड्यात आली, गावात नाही. पाणी लागलं तेव्हा पहिला तांब्या त्यानं बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला. पंचशीला तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

आता पुन्हा तसाच दुष्काळ. विहीर कोरडी, टँकर आला तर आला. रांगेत वरच्या आळीतल्या बायकाही घागरी घेऊन उभ्या होत्या. हापशावर यायला लागल्यापासून त्यांच्या तोंडी मारोत्याचा मारोतीदादा झाला होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि लेकुरवाळ्यांसाठी मारोती स्वतः दांडा मारायचा. टँकरकडं मात्र त्याच्या घरातली एकही घागर कधी गेली नव्हती.

"दादा, जरा घरात ये."

तो घाम पुसत आला. सिंधुनं पुस्तकावरचं लुगडं सोडलं आणि ते पान उघडून त्याच्यापुढं धरलं. मारोतीनं बराच वेळ बघितलं.

"कुणाचं तोंड हे?"

"असंल कुण्या देशातल्या माणसाचं."

"पंचीसारखंच हाय."

"तेच सांगायला आले. पंचीनं मिसरीला बोट लावलेलं न्हाई. हे पाण्यानं झालंय, दादा. हापशाच्या."

मारोतीनं पुस्तक मिटलं. आदळलं नाही, पान दुमडू नये अशा बेतानं मिटलं.

"मी बी तेच पितो," तो म्हणाला आणि त्यानं ओठ मागं ओढले. पन्नाशीतला माणूस, पण दात जोंधळ्याच्या दाण्यासारखे पांढरे. "हे बघ. गुणीचे बघ. तुझे बघ."

"आपले दात आधीच आले होते. लेकराचा पक्का दात हिरडीच्या आत घडत असतो, तेव्हा जे पाणी पोटात जातं त्याचा डाग पडतो. आपण लहानपणी विहिरीचं पिलो."

"वरून ओतलेलं."

"वरून ओतलेलं," सिंधु म्हणाली.

"म्हणजे त्यांचं पाणी चांगलं आणि माझं खराब."

"तसं न्हाई रे दादा."

"मग कसं?"

एवढ्या पुस्तकांत तिनं तेवढंच वाचलं नव्हतं.

मारोती जमिनीकडं बघत बोलत राहिला. "आणि सांगू कुणाला? पाव्हण्यांना? मग ह्या वाड्यातल्या एका पोरीला तरी सोयरीक येईल का? मिसरी सुटती म्हणतील, पाणी कसं सुटंल? का त्या बायांना सांगू, रांगेत उभ्या हायत त्यांना? म्हणतील, इतकी वर्षं गोड होतं, आम्ही आलो की खराब झालं. मारोत्या उट्टं काढायलाय."

"पाव्हण्यांना मी सांगते. पोरीवरचा आळ तरी सुटंल."

मारोतीनं पुस्तक तिच्या हातात परत दिलं. दाराच्या चौकटीला टेकून पंचशीला उभी होती. केव्हापासून, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ती आत गेली आणि चुलीवरचं आधण उतरवायला लागली.

पाव्हणे मुखेडच्या गाडीनं आले. मुलगा भुजंग एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. तो आल्यापासून स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होता. त्याचे वडील शेषेराव बोलायच्या आधी बायकोकडं बघत. आई पारूबाई जाडजूड आणि मोठ्या आवाजाची. बसल्या बसल्या तिनं तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि म्हणाली, "गार हाय. आमच्याकडं नळाला नुसती हवा येती. त्या हवेवर आम्ही गहू उपणून घेतो."

चहा घेऊन पंचशीला आली. ओठ घट्ट मिटलेले.

"जय भीम," ती म्हणाली, तेही ओठांतल्या ओठांत.

"जय भीम. बस बाई. नाव काय?"

"पंचशीला."

"एवढं तोंड आवळून बसायला काय झालं? आमचा भुजंग चावत न्हाई. नाव तेवढं तसं हाय."

शेषेराव आधी हसले, मग भुजंगही, लाजून. आणि नको त्या वेळी पंचशीलालाही हसू आलं. हात तोंडापर्यंत पोचायच्या आत ते सगळ्यांना दिसलं.

शेषेराव कपात बघायला लागले. बाहेर हापशाचा दांडा कुरकुरत होता. सिंधुचा हात पिशवीत गेला.

"मिसरी लावतीस काय गं?" पारूबाईनं विचारलं.

सिंधुनं तोंड उघडलं.

"हाव," पंचशीला म्हणाली. "लावते."

गुणाबाईच्या चेहऱ्यावर, आपण म्हणत होतो ते खरं निघाल्याचं समाधान येऊन गेलं, आणि लगेच त्याची लाजही. मारोती दारात उभा होता. त्यानं लेकीकडं बघितलं. तिनं बघितलं नाही.

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"हे बरं झालं," पारूबाई म्हणाली. तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून पत्र्याची डबी काढली. "घे. सकाळपासून माझी राहिलीय. एकटीनं लावली की हे दोघं नाक धरतात. आज सोबत मिळाली."

तिनं काळी पूड पोरीच्या तळहातावर ओतली, चांगली सढळ हातानं, आणि स्वतः बोट भरून हिरडीला लावलं. पंचशीलानं पूड चिमटीत धरली. मग तळहातावर परत ठेवली आणि करंगळीजवळचं बोट त्यात बुडवलं, मधाचं चाटण घ्यावं तसं. दातांवरून ते बोट एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवलं. तोंडात पाणी सुटलं तशी तिनं ते गिळलं.

पारूबाईचं बोट स्वतःच्या हिरडीवरच थांबलं.

पोरीच्या वरच्या ओठावर घाम आला. डोळ्यांत पाणी तरारलं. तरी ती पाठ ताठ धरून बसली आणि पुन्हा बोट तळहाताकडं नेलं.

"पुरे," पारूबाई हळू म्हणाली. "गिळू नको. थुंकायचं असतं. ऊठ, चल बाहेर."

दंडाला धरून तिनं पोरीला हापशावर नेलं. मागोमाग सिंधु, तिच्या मागं मारोती. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. पारूबाईनं स्वतः दांडा मारला. पंचशीलानं चूळ भरली, पुन्हा भरली, मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकली आणि सकाळचं सगळं ओकली. वाड्यातली बारकी पोरं भोवती जमली होती. कुणी ओकलं की पोरं हसतातच. तशी ती हसली, तोंडभर.

पारूबाई एका पोराच्या तोंडाकडं बघत राहिली. मग त्याच्या शेजारच्या पोरीच्या. मग बहिणीला कडेवर घेतलेल्या तिसऱ्याच्या. दांडा वरच्या वर राहिला. तिनं लिंबाखालच्या त्या लोखंडाकडं बघितलं आणि मग मारोतीकडं. मारोतीनं मान खाली घातली नाही, पण त्याचे हात कुठं ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

पारूबाईनं पदराचं टोक ओलं करून पोरीचं तोंड पुसलं.

"आत्ताच सांगून ठेवते," ती घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मुखेडला आल्यावर मिसरीचं नाव काढायचं न्हाई. मला एकटीलाच पुरत न्हाई."

शेषेराव दारात आले. "म्हणजे मग..."

"म्हणजे काय? पोराला विचारा. मला तर पसंत हाय."

भुजंगला कुणी विचारायची गरज उरली नव्हती. वडिलांच्या मागं उभा राहून बाहेर बघताना तो गुडघ्यांकडं बघायचं विसरला होता. पंचशीला अजून वाकलेलीच होती. तिनं मान वर केली. तोंड उघडं होतं आणि हात खाली होता.

गुणाबाई साखर शोधायला धावली. पाव्हणे आत गेले, पारूबाईनं पोरीला शेजारी बसवून घेतलं. सिंधुही आत वळली, पण मारोती येत नाही असं बघून उंबऱ्यावरच थांबली.

रांग पुन्हा लागली होती. वरच्या आळीतल्या नागुबाईचा नंबर होता. तिनं घागर तोटीखाली लावली. कडेवरचं पोर, दात यायला लागलेलं, तोटीकडं झेपावत होतं. मारोतीनं दांडा धरला. पण मारला नाही.

"नागुबाई, ह्या लेकराला हे पाणी पाजू नको."

नागुबाईचा घागरीवरचा हात घट्ट झाला. मागच्या बायका बोलता बोलता थांबल्या.

"का, मारोतीदादा?" ती म्हणाली. दादा म्हणताना तिचा आवाज जरासा अडखळला. "आम्ही वरच्या आळीतल्या म्हणून?"

"तुला न्हाई म्हणत न्हाई, बाई. तुझी घागर भरतो. अजून एक आण, ती बी भरतो. लेकराला तेवढं टँकरचं पाज. टँकर आला की आमच्या घरची घागर बी लावायचीय मला, वाड्यातल्या बारक्यांसाठी."

"पण का ते सांगशील का न्हाई?"

मारोतीनं घराकडं बघितलं. आत कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"सांगतो," तो म्हणाला. "घागर भरू दे आधी."

त्यानं दांडा खाली दाबला. नागुबाई थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं लेकराला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं, धारेपासून लांबच्या.