पाठमोरी घरं

सभा संपायचं नाव घेत नव्हती आणि ती दमली होती. नुसती आजची नव्हे, गेल्या दोन वर्षांची दमलेली होती. नदीकाठची घरं दर पुरात बुडायची, म्हणून अख्खी वस्ती वर टेकडीच्या उतारावर हलवायचं ठरलं आणि घरांची आखणी तिच्याकडे आली. वस्तीतच वाढलेली आर्किटेक्ट, आणखी कोणाला देणार? तेव्हापासून तिनं उतार मोजला, ऊन मोजलं, वारा मोजला आणि माणसांची समजूत काढली. पहिली तीन कामं त्यातल्या त्यात सोपी होती.

टेकडीवर झाड औषधालाही नव्हतं. दुपारी दगड तापला की अंगाची काहिली व्हायची. दिलासा एकच, नदीवरून चढत येणारा वारा. म्हणून तिनं सगळ्या घरांची तोंडं नदीकडे केली, ओळीमागे ओळ, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा उंचावर, म्हणजे कुणाचा वारा कुणी अडवायला नको. नकाशा बघणाऱ्यांनी तोंडभर कौतुक केलं. आता नमुन्याचं एक घर बांधून झालं होतं, आणि त्याच घरात दाटीवाटीनं बसून वस्तीनं नन्नाचा पाढा लावला होता.

या वाऱ्यामागची खरी गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. आई गेल्यावर तिला मावशीनं वाढवलं, शिकवलं. ती मावशी अजून वस्तीतच राहायची, आणि आता दम्यानं बेजार झाली होती. वारा पडला की मावशीची छाती शिट्टीसारखी वाजायची. जुन्या क्रमानंच घरं मिळणार होती, त्यामुळे मावशीला खालच्या पहिल्या ओळीतलं घर येत होतं. सगळ्यात आधी वारा तिथं. तेवढं एक झालं की मावशीची काळजी मिटली, असं ती धरून चालली होती.

"घर गार आहे, नाही कोण म्हणतं?" शिंपीणकाकू म्हणाल्या. काकू मावशीच्या समोरच्या घरात शिवणयंत्र चालवायच्या आणि वर्षानुवर्षं मावशीशी भांडत आल्या होत्या. नव्या आखणीत त्यांचं घर मावशीच्या बरोबर मागच्या ओळीत येत होतं. "पण पोरी, दारात बसलं की दिसणार काय? पुढच्याच्या मोरीची भिंत!"

"आणि आम्हा खालच्यांना नदी," एक म्हातारा म्हणाला. "जिनं माझं घर नेलं तिचंच तोंड रोज सकाळी बघू?"

तिनं कपाळाला हात लावला. सिनेमाच्या खुर्च्यांसारखी तिनं घरं मांडली होती, सगळ्यांची तोंडं एकीकडे. ऊन, पाणी, पायऱ्या, सगळं तिनं विचारलं होतं. दारातून कोण दिसायला हवं, हे विचारायचं राहिलं. समोरासमोरच्या दारांच्या गल्लीत लहानाची मोठी झालेल्या बाईला हे सुचू नये? पण आता ती राहायची त्या इमारतीत घरी आल्याबरोबर आधी दार लावून घ्यायचं असतं.

"समोरासमोर करायची तर एकाआड एक ओळ फिरवावी लागेल," ती म्हणाली. "फिरवलेल्या घरांची पाठ वाऱ्याला येईल. पाठीला मोरी आणि संडास. तिकडून खिडकी काढली तर वाऱ्याबरोबर काय काय आत येईल ते मी सांगत बसत नाही."

लोक हसले.

"ती घरं तापणार. कोण राहील त्यात?"

समोरासमोर दार प्रत्येकाला हवं होतं, तापणारं घर मात्र कुणालाच नको होतं.

"मॅडम, उद्या पाया खणायला माणसं येतायत," ठेकेदार घड्याळाकडे बघत म्हणाला. "काय ते आत्ता ठरवा, नाहीतर आहे तसंच राहू दे."

आहे तसंच राहू दे. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. तिनं नकाशाची गुंडाळी करायला घेतली.

"खालची ओळ फिरव," मावशी म्हणाली.

"मावशी, खालच्या ओळीत तूच आहेस."

"मग? मला काय माहीत नाही? मी राहीन."

"आणि तुझा दमा?"

"त्याचंच सांगतेय." मावशी थांबली, दम घेतला. "मागच्या महिन्यात दुपारी छाती भरली. तोंडातून शब्द फुटेना. हिनं समोरून बघितलं आणि मशीन टाकून धावत आली. वर हिनंच रिक्षा करून दवाखान्यात नेलं. वाटभर मला बोलत होती, पण नेलं. तुझ्या घरात वारा भरपूर आहे गं. पण मी पडले तर बघणार कोण, नदी?"

शिंपीणकाकूंनी पदर उगाच सारखा केला.

"मला का नाही कळवलंस?" तिचा आवाज चिरकला.

"तू कामात असतेस, बाळ."

मावशीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. दोन वर्षं ती याच घरांच्या कामात होती.

"म्हातारी राहते तर आम्हाला काय धाड भरलीय?" खालच्या ओळीतला कुणीतरी म्हणाला. मग फिरवायच्या बाकीच्या ओळींतूनही एकेक हात वर झाला, काही कुरकुरत झाला, पण झाला.

तिनं नकाशा फरशीवर पसरला आणि गुडघ्यांवर बसली. वाऱ्याचे बाण खोडले. मावशीचं घर स्वतःच्या हातानं फिरवताना तिला रडू येत होतं, आणि इतक्या माणसांसमोर रडायचंही त्राण नव्हतं.

"माझं दार जरा तिरकं काढ हं," मावशी वरून बघत म्हणाली. "दिवसभर हिचं थोबाड नको समोर."

"मला तरी कुठं हौस आहे!" काकू म्हणाल्या.

तिनं दोघींचंही ऐकलं नाही. दार सरळ काढलं. नकाशातच काकूंचं यंत्र खिडकीशी ओढून घेतलं, मावशीची खाट दारासमोर आणली, आणि यंत्रापासून खाटेपर्यंत पट्टी लावून पाहिली. मध्ये एक खांब येत होता. तिनं तो काढून टाकला.