यांचं 'जरासं'

इमर्जन्सीच्या दारातच भलामोठा बोर्ड: 'आम्ही एक टीम, तुमच्या सेवेत.' नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

आमचे हे छातीवर मूठ दाबून, घामाने निथळत उभे. दारातल्या सिस्टरने विचारलं, "काका, काय होतंय?"

"काही नाही, जरासं दुखतंय."

अहो, हा माणूस लेथवर काम करतो. अर्धं बोट उडालं तेव्हाही घरी येऊन म्हणाला होता, जरासं लागलंय. लग्न झाल्यापासून मी या 'जरासं'शीच संसार करतेय. हे सांगायला तोंड उघडलं, तर सिस्टर म्हणाली, "काकू, पेशंटलाच बोलू द्या."

मग टीम कामाला लागली. सिस्टरने डॉक्टरला सांगितलं, जरासं दुखतंय. डॉक्टरने मान वर न करता ब्रदरला सांगितलं, जरासंच आहे. ब्रदरने यांच्या मनगटात हिरवी पट्टी अडकवली. लाल पट्टीवाला लगेच आत, पिवळीवाल्याने थोडं थांबायचं आणि हिरवीवाल्याने बाकावर बसून पंखा बघायचा. घाम काय कुणाला दिसत नव्हता? पण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने बघितलाच असेल. याला म्हणे टीमवर्क! या टीमपेक्षा पोस्टमन बरा, तो निदान पत्ता तरी वाचून बघतो.

बाकावर यांचे ओठ पांढरे पडले आणि माझं डोकं फिरलं. पट्टी ओढून काढली, डॉक्टरच्या टेबलावर आपटली. "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय इथे! हा माणूस मरतानासुद्धा जरासंच म्हणेल! एकदा हात लावून बघा की!"

डॉक्टरने नाडी धरली आणि त्याचा चेहराच उतरला. मग काय ती धावपळ! सिस्टरने सुई टोचली, ब्रदरने ऑक्सिजन लावला, एकजण ओरडून सांगत होता, दुसरा तेच परत म्हणून खात्री करत होता. म्हणजे येत होतं की मेल्यांना! मग इतका वेळ काय दातखीळ बसली होती?

यांना जरा बरं वाटल्यावर तिघंही पलंगाशी आले. डॉक्टरने विचारलं, "काका, आता किती दुखतंय?"

"जरासं."

तिघांच्याही माना माझ्याकडे वळल्या. "काकू?" सिस्टरने हळूच विचारलं.

मी यांच्या कपाळाला हात लावला. कोरडं होतं. छातीवरची मूठ सुटली होती.

"हं, हे खरंच जरासं आहे," मी म्हटलं, आणि मला तिथेच रडू फुटलं.