सगळं नियमाप्रमाणे

गुरुदत्त चिंचवडच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होता. सत्याहत्तर साली कंपनीने त्याला पुण्यात सिस्टिम अ‍ॅनालिसिसच्या संध्याकाळच्या वर्गाला घातलं. तिथे शिकवत, कागद कुठून निघतो, कुठे जातो, पुढे त्याचं काय होतं, हे ज्याच्या हातून तो जातो त्यालाच विचारा. मग त्या वाटेचं चित्र काढा.

त्याने टायपिस्ट चारुलताबाईंना विचारलं, तुटवड्याच्या रिपोर्टच्या एवढ्या प्रती जातात कुठे?

"खरं सांगू? स्टोअरच्या सदाशिवरावांची प्रत त्यांच्या जेवणाच्या डब्याखाली अंथरलेली असते. रिपोर्ट पोचेपर्यंत माल आलेला असतो ना. पण हे तुमच्यापाशीच ठेवा हं."

गुरुदत्तला कीर्तनाचं वेड. मीटिंगमध्ये समोर माणसं दिसली आणि त्याला बुवांसारखा रंग चढला. डब्याची गोष्ट त्याने नाव घेऊन, साभिनय सांगितली. साहेबांसकट सगळे हसले. सदाशिवराव उगाच चष्मा पुसत राहिले. टिपणं घ्यायला बसलेल्या चारुलताबाईंनी मान खाली घातली.

बाहेर आल्यावर सदाशिवराव एवढंच म्हणाले, "बुवाही हसवतात रे. पण समोर बसलेल्याला उभं करून नाही."

दुसऱ्या दिवसापासून कुठल्याही टेबलाशी गेलं की एकच उत्तर मिळू लागलं, "सगळं नियमाप्रमाणे चालतं." चारुलताबाईंनी तर टाइप करतानाच विचारलं, "काय गुरुदत्तराव, पुढच्या मीटिंगला आणखी काही खमंग हवंय?"

त्या उत्तरांवरून काढलेलं चित्र मात्र देखणं झालं. सरळ रेघा, नेटके चौकोन. साहेब खूश. "वर्गात हेच द्या. पास झालात की स्टोअरची नवी पद्धत तुम्हीच बसवायची."

पुढच्या मीटिंगला चित्र भिंतीवर लागलं, आणि गुरुदत्त सगळ्यांदेखत बोलायला उभा राहिला.

"हे खोटं आहे," तो म्हणाला. "मला एकदा खरं सांगितलं होतं. त्यावर मी हशा मिळवला. आता कोणी सांगत नाही, ते बरोबरच आहे. सदाशिवराव, चारुलताबाई, चुकलो मी."

साहेबांनी चित्र उतरवून त्याच्या हातात दिलं. "मग वर्गात काय देणार?"

गुरुदत्तने चित्राची गुंडाळी केली.

चारुलताबाई निघून गेल्या. सदाशिवराव जाता जाता त्याच्याजवळ थांबले.

"उद्या स्टोअरला ये. पहिल्यापासून सांगतो काय ते."

'हो' म्हणतानाही गुरुदत्तला मान वर करवेना.