मावशींचा अळणी हात

"मावशी, मीठ घालायचं राहिलं का हो?"

शिंपीमास्तरांनी हे अगदी कानाशी येऊन विचारलं. मावशींनी पातेल्यात डोकावून पाहिलं. बटाट्याचा रस्सा जवळजवळ जसाच्या तसा होता. समोर शिबिराच्या मंडपात देशोदेशीची दोनशे पोरं कोरडा पाव चावत बसली होती.

"घातलंय की. मापानं घातलंय," मावशी म्हणाल्या.

ते माप रुग्णालयाचं होतं, हीच तर गोम होती. मावशींची उभी हयात रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे मीठ चिमटीने नाही, काट्यावर तोलून पडायचं. रांधणाऱ्याने चाखायचं नाही, असा तिथला नियम होता आणि मावशींनी तो कधी मोडला नव्हता. घरीही तेच. नवऱ्याला रक्तदाब होता. तो माणूस वर्षानुवर्षं मुकाट अळणी जेवला आणि गेल्या वर्षी मुकाटच गेला.

युवा शिबिराला फुकटात दोनशे माणसांचं रांधणारं कुणीतरी हवं होतं. शिबिराच्या प्रमुखबाई निवृत्त मावशींच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा लेक म्हणाली होती, "आई, जन्मभर चुलीपुढेच होतीस ना? आता तरी जिवाला विसावा दे." मावशी हसल्या आणि पिशवी भरायला लागल्या. खरं कारण त्यांनी लेकीलाही सांगितलं नाही. सांगायला लाज वाटत होती. रुग्णालयात ताटं परत यायची ती अर्धी भरलेली. इतकं रांधलं, पण रिकामं ताट पुढे करून 'अजून वाढा' असं त्यांना कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. मरण्याआधी ते एकदा ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनाचा हिय्या केला, माप बाजूला ठेवलं आणि मूठ सैल सोडली. मग काय विचारता, पाण्याच्या टाकीपाशी जी रांग लागली ती ऊन उतरेपर्यंत हटली नाही.

संध्याकाळी प्रमुखबाई आल्या. बाई स्वभावाने गोड होत्या, त्यामुळे जास्तच लागलं.

"मावशी, तुम्हाला दगदग होतेय. उद्यापासून भाज्या चिरायला बसता का? पातेल्याचं मी बघते कुणीतरी."

"बाई, उद्या दुपारचं एक जेवण माझ्या हातचं होऊ द्या. नाही जमलं तर मी आपण होऊन सुरी घेऊन बसते."

बाईंनी जरा विचार केला आणि मान डोलावली.

बाई गेल्यावर मास्तर म्हणाले, "मी म्हणतो, वाढायच्या आधी एकदा चाखून का बघत नाही तुम्ही?" मास्तर दुकान मुलाच्या हाती सोपवून शिबिरात तंबू शिवायला आले होते. तंबू पहिल्याच दिवशी शिवून झाले, तेव्हापासून ते बटाटे सोलत होते.

"चाखून मला काय कळणार, डोंबल? मला सगळं खारटच लागतं. जीभच तशी झालीय."

"मग तुमच्या जिभेला विचारताच कशाला? मी सदरा शिवतो तो माझ्या अंगावर घालून बघतो का? ज्याचा त्याला उभा करतो आणि घालून बघतो."

तिसऱ्या दिवशी रस्सा शिजत आला तशा मावशी हातात मूठभर स्वच्छ चमचे घेऊन मैदानावर गेल्या. तिथे पोरं दोरखंडाचा खेळ खेळत होती. त्यातली एक उंच पोरगी, एक लालबुंद मुलगा आणि एक जाड चष्मेवाली अशा तिघांना त्यांनी दंडाला धरून आणलं. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती आणि मावशींना तिघांचीही येत नव्हती.

त्यांनी प्रत्येकाच्या चमच्यात थोडा रस्सा वाढला. उंच पोरीने नाक मुरडलं आणि दोन बोटं चिमटीसारखी जुळवून दाखवली. मावशींनी मीठ टाकलं, ढवळलं, नवे चमचे दिले. उष्टा चमचा पातेल्यात जाऊ देतील तर त्या मावशी कसल्या. आता लालबुंद मुलाने डोळे मिटून तोंड आंबट करून दाखवलं. मावशींनी लिंबू पिळलं. त्यावर चष्मेवालीने कपाळाला हात लावला आणि दोघांची हातवाऱ्यांनी जुंपली. घरात दोन जावांचं वाजावं तसं चाललं होतं. मावशी मध्ये उभ्या राहून दोघांचं थोडंथोडं ऐकत होत्या. शेवटी तिघांनीही माना डोलावल्या. उंच पोरीने न सांगता नवा चमचा उचलला आणि पुढे केला.

"गॅस बंद करा, मास्तर," मावशी म्हणाल्या.

दुपारी वाढप झालं आणि मंडप चिडीचूप झाला. रुग्णालयात अशीच शांतता असायची. मावशी पातेल्याकडे पाठ करून उगाच ओटा पुसत राहिल्या.

मागून कुणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावला. उंच पोरगी उभी होती. तिने आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि ताट पुढे केलं. ताट लख्ख पुसलेलं होतं.

मावशींना त्यातला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. त्या ताटाकडे बघतच राहिल्या, तेव्हा पहिली पळी मास्तरांनी वाढली. दुसरी मावशींनी स्वतः वाढली. पोरीच्या मागे रांग लागली होती. रांगेत प्रमुखबाईही होत्या. त्यांनी ताट पुढे धरलं आणि मावशींनी त्यात पळीभर रस्सा वाढला.

रांग संपली तेव्हा मास्तर पातेल्यात वाकून बघत म्हणाले, "मावशी, आपलं काय?"

"पाव आहे की."

मावशींनी पावाचा तुकडा मोडला, तो पातेल्याच्या तळाशी फिरवला आणि तोंडात टाकला. जीभ चुरचुरली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"काय हो, खारट झालंय?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"आमच्या यांना आवडलं असतं," त्या म्हणाल्या. उरलेल्या पावातला अर्धा त्यांनी मास्तरांना दिला आणि पातेलं दोघांच्या मध्ये ओढून घेतलं.