मापाबाहेरची शेगडी

“पिशवी घट्ट धरा आजी, आता बरंच पडेल,” शिडीवर उभ्या होंमाने बजावलं आणि धुराड्याच्या नळीत ब्रश वर ढकलला.

पडलं ते काजळीसारखं नव्हतंच. कोरडी काजळी भुरभुरत येते, हाताला पावडर लावल्यासारखी लागते. इथे आधी काळे चकचकीत पापुद्रे खडखडत आले. मग त्यांच्यामागून चिकट ओला लगदा घसरला आणि थपकन पिशवीच्या तळाशी बसला. जळक्या डांबरात खारी मासळी मुरत ठेवावी तसा वास खोलीभर पसरला. तीस वर्षं हेच काम करूनही होंमाला नाकावर बाही धरावी लागली.

निशिबे आजीने पिशवी तेवढीच दूर धरली, पण सोडली नाही. वय एकोणऐंशी, अंगाने चिमणीएवढी. मदतीला कुणी नको असं होंमाने तीनदा सांगितलं होतं, पण आपल्या घरची घाण दुसऱ्याने एकट्याने काढायची हे तिला पटणारं नव्हतं.

“बरीच झालीय का हो?” तिने अपराध्यासारखं विचारलं.

“तीन महिन्यांत एवढी मी कुठं पाहिली नाही.” होंमा खाली उतरला. “खरं सांगा निशिबेसान, हवेची झडप किती उघडी ठेवता?”

“ठेवते की. अशी, जराशी.” तिने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मधून तांदळाचा दाणा गेला नसता.

“आणि पूर्ण उघडली तर?”

“तर भाजून निघते मी. परवा खोलीत चौतीस झालं होतं. बाहेर उणे बावीस, आणि मी खिडकी उघडून हातपंख्यानं वारा घेत बसलेली. शेजारीण पोट धरून हसून गेली. मग काय करायचं, दोन लाकडं घालायची, झडप लावायची आणि बसायचं धुमसत.”

“शेगडी धुमसते की तुम्ही?”

“दोघी,” म्हातारी म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली.

होंमाला हसू आलं नाही. त्याची नजर शेगडीवर गेली. ओतीव लोखंडाची, दोन दारांची, पुढे थाळ्याएवढी काच. बर्फावर घसरायला येणाऱ्या पाहुण्यांच्या विश्रामगृहात, उंच छताच्या दिवाणखान्यात ती शोभली असती. इथे आठ चटया अंथरल्या की भरून जाणाऱ्या खोलीत ती बसली होती जत्रेतल्या बैलासारखी, हलायला जागा नाही आणि हाकलायची सोय नाही. अशी शेगडी पेटवावी तर माणूस भाजतं. दाबून ठेवावी तर लाकूड जळत नाही, नुसतं कुजतं, आणि त्याचा धूर थंड नळीत डांबर होऊन चिकटतो. एक दिवस ते डांबरच पेट घेतं.

हे त्याला आज कळलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये, शेगडी बसवण्याआधीच, कळलं होतं.

तेव्हा तो काम करायचा त्या शेगड्यांच्या दुकानाच्या वतीने मापं घ्यायला तोच आला होता. खोलीची लांबी-रुंदी घेतली, छताची उंची घेतली. भिंतीवर तळहात टेकवून पाहिला. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने भिंतींत जाड अस्तर भरून घेतलं होतं, खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या होत्या. घर लहान, आणि ऊब धरून ठेवणारं. दुकानातली सगळ्यांत लहान शेगडीही इथे पुरली असती. होंमाने कागदावर तेच लिहिलं.

मालक केन्मोचीने कागद वाचून जीभ टाळ्याला लावून चक् केलं. “लहान शेगड्या विकायला मी दुकान काढलंय का होंमासान?” आणि त्याने साप्पोरो शहरात आजीच्या मुलाला फोन लावला. मुलगा मासाहारु, मोठ्या हुद्द्यावरचा. आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. “आईसाठी आहे, हात आखडायचा नाही. मोठी घेतली तर कमी पेटवता येते. लहान थोडीच मोठी करता येते?”

“अगदी माझ्या मनातलं बोललात,” केन्मोची म्हणाला.

होंमा हातात मापाची फीत घेऊन तिथेच उभा होता. कमी पेटवलेली मोठी शेगडी ही आजारी शेगडी असते, एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्याने ते गिळलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, या खोऱ्यात दुसरं दुकान नाही, आणि गप्प राहायची सवय तर हाडात मुरलेली. चार दिवसांनी तिघांनी मिळून ते धूड आत आणलं. ‘घराचे माप पाहून योग्य शेगडी बसवली’ असं छापलेल्या ओळीखाली होंमाने सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उठवला.

“मी मुलाशी बोलतो,” तो आता म्हणाला. “ही बदलून लहान बसवू.”

“नको, नको.” म्हातारीने घाईघाईने मान हलवली. “तो दर रविवारी फोन करतो. आई, ऊब मिळते ना, म्हणून विचारतो. मी म्हणते, अगदी. आता काय सांगू त्याला, तुझी माया मला भाजते म्हणून?”

होंमाने ब्रश आवरला आणि पिशवी उचलली. बाहेर पडताना लाकडांच्या रचलेल्या भिंतीतून त्याने भूर्जाचे दोन तुकडे काढले आणि एकमेकांवर आपटले. टणकन आवाज आला. दोन उन्हाळे वाळलेलं, खडखडीत लाकूड. म्हातारीची कुठे म्हणून चूक नव्हती.

दुकानात केन्मोची वाटीतून शेवया खात बसला होता. होंमाने पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि तिचं तोंड उघडलं.

“जेवताना कसली घाण आणलीत?”

“आपलीच आहे. निशिबेसानच्या घरातली, तीन महिन्यांची.”

केन्मोचीने वाटी उचलून दुसऱ्या टेबलावर नेली. “म्हणजे वर्षातून दोनदा साफसफाई लागणार. त्यात वाईट काय? ओली लाकडं जाळत असेल म्हातारी.”

“लाकडं मी पाहून आलोय. शेगडी मोठी आहे. बदलून देऊ.”

“बदलली की चूक कबूल केल्यासारखं होतं. गावात मग मला कोण विचारील? आणि शिक्का कुणाचा आहे कागदावर? माझा नाही.” तो पुन्हा शेवया ओढू लागला. एक शेवई हनुवटीला चिकटून राहिली होती. होंमा तिच्याकडेच बघत राहिला. माणसाच्या तोंडाकडे पाहवेना झालं होतं.

त्याच दुपारी टोकियोहून राहायला आलेलं एक जोडपं घराचा नकाशा घेऊन आलं. नवं, लहान, पाखराच्या खोप्यासारखं घर. केन्मोचीने त्यांना सर्वांत मोठ्या काचेसमोर बसवलं, आत ज्वाळा नाचवल्या. बायको जरा घुटमळली. कोपऱ्यात नळ्या पुसणाऱ्या होंमाकडे वळून म्हणाली, “तुम्ही सांगा ना, आम्हाला खरंच एवढी लागेल?”

केन्मोची हसतमुखाने होंमाकडे पाहत होता.

“मालक सांगतील तसं,” होंमा म्हणाला.

मागच्या मोरीवर जाऊन त्याने तीनदा साबण लावून हात धुतले. वास गेला नाही. नळीतली घाण ब्रशने निघते. ही कशाने निघायची, त्याला कळेना. पहिल्यांदाच त्याला डांबराची नाही, स्वतःची शिसारी आली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास दुकानातला फोन वाजला. होंमानेच उचलला.

“निशिबे बोलतेय. कामात होतात का? नंतर करू का मी?”

“बोला ना.”

“काही विशेष नाही हो. पण धुराड्यात मालगाडी गेल्यासारखा आवाज येतोय. आणि नळी लाल दिसतेय जरा.”

साफ केल्यापासूनच्या महिनाभरात नळीत पुन्हा डांबर साचलं होतं आणि आता ते पेटलं होतं, हे होंमाच्या लगेच लक्षात आलं. “झडप बंद करा. शेगडीचं दार उघडू नका. अग्निशमनला मी कळवतो. तुम्ही आत्ता, अशाच, बाहेर पडा.”

“पण इतक्या लोकांना त्रास...”

“बाहेर पडा म्हटलं ना,” तो ओरडला. तीस वर्षांत गिऱ्हाइकावर तो कधी ओरडला नव्हता.

तो पोहोचला तेव्हा बंब आधीच येऊन उभा होता. धुराड्याच्या तोंडातून अजून ठिणग्या उडत होत्या आणि बर्फावर चुरचुरत विझत होत्या. नळी जिथे भिंतीतून बाहेर पडते तिथे ती भिंत फोडून जवान आतली धग निववत होते. घर वाचलं होतं. खोलीचे वासे मात्र कोळसा झाले होते, आणि आतलं सगळं काळ्या पाण्याने लडबडलेलं. म्हातारी कंबरभर बर्फाच्या दोन भिंतींमधल्या वाटेवर, पायांत घरातल्या सपाता घालून उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक जवानाला वाकून म्हणत होती, “माफ करा हं. फार त्रास दिला.”

होंमाने आपला कोट काढून तिच्या अंगावर घातला. तिने त्यालाही वाकून माफी मागितली.

दोन दिवसांनी अग्निशमन कार्यालयातून कागद आला. शेगडी ज्याने बसवली त्याने आगीचं कारण आपल्या शब्दांत लिहून द्यायचं होतं. केन्मोचीने मजकूर आधीच तयार ठेवला होता.

“फक्त उतरवून काढा. ‘वापरणाऱ्या वृद्ध महिलेने ओले लाकूड जाळले, सूचना पाळल्या नाहीत.’ दोन ओळी. तिलाही काही होत नाही, आपल्यालाही नाही.”

“लाकूड ओलं नव्हतं.”

“आता कोण बघायला जातंय? जळालं ना ते.”

“नाही जळालं. अजून अर्धी भिंत रचलेली आहे तिच्या अंगणात.”

केन्मोचीने आवाज खाली आणला. “हे बघा होंमासान, म्हातारी काही मनावर घेणार नाही. तिला वाटतंच आहे की चूक तिची.”

“तेच,” होंमा म्हणाला. “तेच मला बघवत नाही.”

तो मागच्या टेबलाशी बसला. अक्षर त्याचं बरं नव्हतं, वाक्यंही त्याला जुळवता येत नसत. दीड तास लागला. त्याने लिहिलं की खोली आठ चटयांची आहे, छत खाली आहे, भिंती ऊब धरतात. या घराला सर्वांत लहान शेगडी योग्य होती. बसवलेली शेगडी तिच्या तिप्पट ताकदीची आहे. अशी शेगडी त्या खोलीत पुरती जाळताच येत नाही, म्हणून डांबर साचलं. हे मला बसवण्याआधी माहीत होतं. तरी मी बसवली. वापरणाऱ्या बाईंचा दोष नाही. खाली त्याने शिक्का उठवला.

केन्मोचीने कागद वाचला, घडी घातली, परत उघडून पुन्हा वाचला. “तुम्ही स्वतःलाच बुडवताय.”

“हो.”

“उद्यापासून येऊ नका.”

“हो,” होंमा पुन्हा म्हणाला. दुकानाच्या दारातूनच त्याने टोकियोच्या जोडप्याला फोन लावला. त्या बाईंना तो म्हणाला, “त्या दिवशी मी तुम्हाला उत्तर दिलं नाही. लहान घ्या. रोज भरभरून पेटवता येईल अशी. आमच्याकडून नसली तरी चालेल.” कागद अग्निशमन कार्यालयात देऊन तो घरी गेला.

हलकं बिलकं काही वाटलं नाही. ऑक्टोबरमध्ये जे बोलायचं ते फेब्रुवारीत बोलणाऱ्या माणसाला कसलं हलकं वाटायचं.

मासाहारु आईला साप्पोरोला न्यायला आला त्या दिवशी होंमा माफी मागायला गेला. मोठी शेगडी दुकानाची माणसं घेऊन गेली होती. भिंतीला तात्पुरता पत्रा ठोकलेला. मुलगा दारातच भेटला. होंमा वाकला आणि बराच वेळ वाकलेला राहिला.

“तुम्ही लिहिलंत ते वाचलं मी,” मासाहारु कोरडेपणाने म्हणाला. मग दुसरीकडे बघत म्हणाला, “मला तेव्हाच का नाही सांगितलंत? आणि आईने तरी का नाही?” उत्तराची वाट न बघता तो खोकी घेऊन गाडीकडे गेला.

निशिबे आजी रिकाम्या खोलीत कोट घालून उभी होती. चटया उचलून नेल्या होत्या. उघड्या फळ्यांवर शेगडीच्या जागी एक मोठा चौकोन काळपट दिसत होता.

“तिकडं शेगडी लागत नाही म्हणे,” ती म्हणाली. “भिंतीतूनच ऊब येते. बटण दाबायचं.”

“सोयीचं आहे.”

“हं.” ती त्या काळ्या चौकोनाकडे बघत होती. “होंमासान, मग माझ्या मापाची कुठली होती?”

होंमाने खिसे चाचपले. खिशात निळ्या कागदी चिकटपट्टीचं रीळ होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि काळ्या चौकोनाच्या आत, फळ्यांवर पट्टी चिकटवत त्याने एक लहानसा आयत आखला. दोन उशा शेजारी ठेवाव्यात एवढा.

“एवढीच?”

“एवढीच.”

म्हातारीने बांधाबांधीतून आपलं बसायचं आसन ओढून काढलं, आयतासमोर ठेवलं आणि कोट सावरत त्यावर बसली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तिने तिकडे पाहिलं नाही.

“इथं बसले तर भाजणार नाही ना?”

“नाही,” होंमा म्हणाला. “अजून थोडं पुढे आलात तरी चालेल.”

तिने आसन बोटभर पुढे ओढलं.