मनगटावर चढलेला रंग

दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जिची हयात गेली, तिच्या हातून चूक व्हावी तीही झाकणांची! प्रयोगशाळेतली ती तंत्रज्ञ बाई रंगपेशी वाढवायची. कोडानं किंवा भाजल्यानं पांढऱ्या पडलेल्या कातडीवर त्या पेरल्या की कातडी पुन्हा रंग धरते. तिच्या डाव्या मनगटावरही कोडाचा डाग होता, म्हणून तिनं मांडीच्या कातडीतून काढलेल्या आपल्याच पेशी एका बाटलीत वाढवल्या. शेजारच्या बाटलीत एका भाजलेल्या मुलीच्या होत्या. मुलगी तापानं गेली, तेव्हा नियमाप्रमाणे बाईनं तिची बाटली ब्लीच ओतून संपवली.

नाव बाटलीवर लिहायचं असतं. घाईत ती झाकणावर लिहायची आणि दोन्ही झाकणं एकदमच काढायची. सांगणार कोण? वीस वर्षांच्या अनुभवाचा तोरा होता.

पेरलेल्या पेशींनी महिन्याभरात मनगट भरून काढलं. रंग मात्र तिच्यापेक्षा जरा गडद होता. मग तो डाग ओलांडून चांगल्या कातडीवर चढू लागला, थेट कोपरापर्यंत. मनात पाल चुकचुकली तशी तिनं चिमूटभर कातडी तपासायला दिली. सूक्ष्मदर्शकाखाली रंगपेशी हात लांब करून शेजारच्या पेशींच्या पदरात रंगाचे कण टाकत होत्या, अगदी गुण्यागोविंदानं. अहवाल आला. पेशी तिच्या नव्हत्या; झाकणांची अदलाबदल झाली होती.

"परक्या पेशी शरीर काही दिवसांत हाकलून देतं," डॉक्टर म्हणाले. "या कशा टिकल्या, देव जाणे. गळ्यापर्यंत जायच्या आत खरवडून काढू. उद्या अकराला या."

ती घाबरली होती आणि त्याहून जास्त शरमली होती.

दुसऱ्या दिवशी दहालाच त्या मुलीची आई प्रयोगशाळेत आली. शिवणकाम करणारी बाई, बोटांवर सुयांचे व्रण. समोर बसून म्हणाली, "ताई, माझ्या मुलीच्या कातडीचा तुकडा घेतला होतात ना? काही उरलंय का त्यातलं?"

"नाही मावशी. काहीच नाही."

खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. पण टेबलावरचा तिचा डावा हात आपसूक पुढं सरकला आणि त्यानं मावशींचं बोट मुठीत धरलं. तिनं हात मागं ओढून पाहिला. मूठ सुटेना.

मावशी हाताकडं बघत राहिल्या. "भाजायच्या आधी अस्साच रंग होता तिचा," असं म्हणत त्यांनी बाईची बाही कोपरापर्यंत वर सारली.

"चुकलं माझं, मावशी," ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं, अकराचं खरवडणंसुद्धा. तशी मूठ आणखी आवळली.

मावशी रागावल्या नाहीत. त्या वाकल्या आणि हाताशीच हळू बोलल्या, "सोड आता, राणी. घरी कामं पडलीत."

मूठ उघडली.

अकराला डॉक्टरांचा माणूस बोलवायला आला. "नको म्हणून सांगा," बाई म्हणाली. मग निघालेल्या मावशींना तिनं थांबवलं. "परत कधी याल? हिला काय सांगू?"