जिच्यासाठी कोणी भांडणार नाही

आमच्या सहलीत दरोडा पडतो. जाहिरातीत तसं छापलेलंच आहे: जुन्या व्यापारी वाटेवर खेचरांच्या तांड्याबरोबर प्रवास, खिंडीतला पडका मुक्काम, आणि एक थरारक प्रसंग. थरारक प्रसंग म्हणजे माझा काका. एरवी तो मुंगीवरही पाय देत नाही, पण डिंकाने काळी दाढी चिकटवली, कमरेला लाकडी तलवार लटकवली आणि हाताखाली दोन खेचरवाले उभे केले, की काय दिसतो म्हणता! मी स्वतः एकदा दचकले होते, आणि मला तर तो रोज दात घासताना दिसतो.

गंमत अशी की दरोडा खोटा आहे हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं असतं. फक्त एकाला सोडून. त्या एकाला आम्ही बकरा म्हणतो. काका गरजतो, “एक माणूस ओलीस ठेवा आणि बाकीचे चालते व्हा! कोणाला ठेवायचं ते तुम्हीच ठरवा!” मग सगळे बकऱ्याकडे बोट दाखवतात. काका बकऱ्याला धरून आतल्या खोलीत नेतो. तिथे कंदील लावलेले असतात, केक मांडलेला असतो. पाठोपाठ सगळे ओरडत आत घुसतात, मिठ्या मारतात, बकरा रडतो, हसतो, पुन्हा रडतो. लोक घरी जाऊन फक्त तेवढंच सांगतात. रेशीम, मीठ, शेकडो वर्षांची वाट, ते सगळं विसरतात.

हा सगळा कारभार आत्याचा. बारा वर्षं तीच गट घेऊन खिंडीत चढायची. यंदा तिच्या गुडघ्याने राम म्हटला. दहावीची परीक्षा संपवून मी मोकळीच होते, आणि वाटेवरचा दगड न् दगड मला पाठ. मी तिच्या मागे लागले, लागले, लागले.

“एक फेरी देते,” खेचराचा पट्टा आवळत आत्या म्हणाली. “सगळे हसत खाली आले पाहिजेत. सगळे म्हणजे सगळे, आणि उजेड असताना. एक जरी मागे राहिला ना, तर शहरातून शिकलेला गाईड आणते आणि तुझी बडबड शाळेच्या गॅदरिंगला.”

“नाही राहणार गं! आणि बकरा? तो कसा निवडायचा?”

“घाबरट नको, चक्कर येऊन पडतो. लाडका तर मुळीच नको. मागे एकदा मी नवा नवरदेव निवडला. त्याच्या बायकोने तुझ्या काकाची दाढी उपटून हातात दिली.” आत्याने पट्टा आणखी एक भोक पुढे ओढला. “ज्याच्यासाठी कोणी भांडणार नाही, तो शोध. खाली तळावरच दिसतो. डोळे उघडे ठेव.”

एका ऑफिसातला गट होता. पुढे पोट सावरत साहेब, त्यांच्या प्रत्येक विनोदाला आधीच हसणारे दोन जण, मोठा गॉगल लावलेली एक ताई, आणि मागे एक बाई. आमच्या आईएवढ्या असतील. निळी टोपी.

निघताना त्यांच्या खोगिराची पिशवी सुटली. डबा, औषधं, मोजे, सगळं उतारावरून घरंगळलं. पुढच्यांनी मान वळवून पाहिलं आणि खेचरं हाकली. मागे रेंगाळलेल्या त्या हसणाऱ्या दोघांनी तर मोज्यांना वळसा घातला. बाई एकेक वस्तू वेचत राहिल्या, आणि वेळ लावला म्हणून खेचराला ‘सॉरी हं’ म्हणाल्या.

मला टाळी वाजवावीशी वाटली. सापडला की! पहिल्याच फेरीला, तळावरच! आत्याला आठवडा लागला असता असं नाही, पण तरी.

पाण्याच्या थांब्यावर बाई खडकाआड गेल्या तेव्हा मी बाकीच्यांना जवळ बोलावलं आणि दरोड्याचं सांगितलं.

“हिला? अय्या, मस्त!” गॉगलवाल्या ताई म्हणाल्या. “हिला बरोबर गंडवता येतं. मागे आम्ही हिचा डबा लपवला होता, दोन दिवस शोधत होती.”

“व्हिडिओ कोण काढणार?” साहेबांनी विचारलं.

‘तिलाच का?’ असं कोणीच विचारलं नाही. माझी निवड इतकी अचूक होती.

पुढच्या चढणीवर बाईंनी त्यांचं खेचर माझ्याजवळ आणलं. त्या सारखं विचारत होत्या, आणि मला कोणी विचारलं की माझा नळ सुटतो. काका उगाच मला भोंगा म्हणत नाही. तांडे कुठून निघत, काय नेत, खिंड बर्फाने बंद झाली तर काय करत, मी सगळं सांगितलं.

“आणि कोणी आजारी पडलं तर?”

“पाण्याजवळ ठेवून पुढे जायचे. परत येताना दिसला तर घ्यायचे.”

“बरंय,” बाई म्हणाल्या. “पाण्याजवळ तरी ठेवायचे.”

मग पडक्या मुक्कामात पोचलो आणि दरोडा पडला. काका भिंतीवरून उडी मारून आला, खेचरवाले आरोळ्या ठोकत आले, आणि आमच्या लोकांनी इतका सुंदर अभिनय केला की काय सांगू! साहेब तर गुडघ्यावर बसले. काका गरजला, “कोणाला ठेवता?” आणि पाचही बोटं एकदम निळ्या टोपीकडे वळली. पाचवं माझं होतं.

बाकीचे बकरे ओरडतात. एकाने काकाला घड्याळ काढून दिलं होतं. बाईंनी मात्र एकेका बोटाकडे पाहिलं, सावकाश, कोणाचं ते नीट बघत. माझ्यापाशी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “बरं,” आणि निमूट काकाच्या पुढे चालायला लागल्या. काकाला धरायलासुद्धा काही उरलं नाही. तो बिचारा तलवार सावरत मागे.

आम्ही ओरडत आत घुसलो. सरप्राइज! गॉगलवाल्या ताईंनी मिठी मारली, साहेबांनी केक भरवला. बाईंनी तो चावून, गिळून खाल्ला. मग भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर बसल्या.

“चला, मॅडम,” मी म्हटलं. “उतरायचंय आपल्याला.”

“तुम्ही व्हा पुढे. मला ठेवलंय ना इथे.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

“अगं, नाटक होतं ते!” गॉगलवाल्या ताई म्हणाल्या. “आम्हाला माहीत होतं सगळं!”

“मला नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मी खरंच ओलीस होते. त्या दारापासून या केकपर्यंत.”

“झालं सुरू हिचं,” कोणीतरी पुटपुटलं.

काकाने दाढीआडून म्हटलं, “ताई, माफ करा, मी साधा माणूस आहे हो, मला तर तलवार पण नीट...” त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही. बाहेर उन्हं कलली होती. खेचरं पाय आपटत होती. थंडी वाजायला लागली तसं साहेबांचं हसू ओसरलं.

“बसू दे तिला,” ते म्हणाले. “मस्करीसुद्धा झेपत नाही. येईल आपोआप मागून. चला रे.”

आणि निघालेच की! खरोखरीचे, बिनतलवारीचे. मी दाराकडे धावले. बाईंसाठी नाही. आत्या खाली डोकी मोजत उभी असणार, आणि एक कमी भरलं की माझी वाट शहरातल्या गाईडची. मी दारात आडवी झाले.

“थांबा! सगळ्यांनी बरोबर जायचंय! मॅडम, प्लीज, उठा ना. तुम्हाला काय हवंय?”

“कोणी निवडलं मला?”

चारही बोटं माझ्याकडे वळली. या खेपेला कोणाला सांगावंही लागलं नाही.

“तू?” बाई म्हणाल्या. “का गं, मलाच का?”

“चिठ्ठी काढली.”

“दाखव चिठ्ठी.”

“म्हणजे, तुम्ही धीट वाटलात.”

“बाळ, मी तुझ्या आईएवढी आहे. खरं सांग. खरं सांगितलंस की उठते.”

मी बाहेर पाहिलं. खिंडीच्या कडेवरचं ऊन चढत चढत टोकाला आलं होतं.

“तुमच्यासाठी कोणी भांडणार नाही असं वाटलं,” मी म्हटलं. “सकाळी पिशवी सुटली, तेव्हाच.”

मी बोलले आणि थांबले. शप्पथ, मुद्दाम थांबले. आता कोणीतरी म्हणेल, ‘ए, असं काही नाही हं.’ नुसतं म्हणायला काय जातंय? साहेबांनी जाकिटाची चेन वर ओढली. गॉगलवाल्या ताई नखं बघत होत्या. हसणारे दोघे साहेबांकडे बघत होते, हसायचं की नाही ते कळेना म्हणून.

बाईंनीही वाट पाहिली. चौघांच्या चेहऱ्यांवरून एक फेरी मारली, मघा बोटांवरून मारली तशी. मग मांडीवरचा केकचा चुरा झटकला.

“नजर चांगली आहे तुझी,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

आम्ही उजेडात उतरलो. सगळे म्हणजे सगळे. तळावर शेवटचा फोटो काढताना साहेब ओरडले, “हसा!” आणि बाईसुद्धा हसल्या. दात दिसले, मी बघितलं. उतरताना वाटभर मी तांड्यांच्या गोष्टी सांगत होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मग गाडी आली, त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या, गाडी गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पानं घेतली तेव्हा काकाने आत्याला सगळं सांगितलं, बोटांपासून त्या कट्ट्यापर्यंत. गालावरचा डिंक खरवडत सांगत होता. मला वाटलं, आत्या आता माझी चांगलीच हजेरी घेणार.

“तोंडावर सांगितलंस?” आत्याने विचारलं.

“त्याशिवाय उठत नव्हत्या.”

आत्याने मला बराच वेळ न्याहाळलं. “बारा वर्षांत मला नसतं जमलं,” ती म्हणाली. “वाट तुझी. मंगळवारी मोठा गट आहे, कॉलेजची पोरं.”

मी बसल्या जागी किंचाळले. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला, पण तीही हसत होती. मी आत्याच्या गळ्यात पडले. माझी वाट! खिंड, खेचरं, पुढे चालायची शिट्टी, सगळं माझं!

“मला नाही करायचं आता हे,” काका म्हणाला.

“मंगळवारी दोन खेचरं जास्त लागतील,” आत्या आईला म्हणाली.

“ऐकतेस का? त्या बाई माझ्यापुढे चालत होत्या ना, मला वाटलं मीच खरा दरोडे... मला हे दाढीचं नको. मी खोगिरं बघेन, पाणी बघेन.”

“आणि केक मोठा सांग,” आत्या म्हणाली. “पोरं खातात फार.”

आईने आमटीचं पातेलं उचललं आणि काकाच्या पानावरून पुढे नेऊन आत्याला वाढलं. काका माझ्याकडे वळला. लहानपणापासून मला खांद्यावर घेऊन खिंड दाखवली ती त्यानेच. डोळ्यांत पाणी होतं, डिंकामुळे असेल.

“भोंगे, तू तरी सांग की तिला.”

आत्याने घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. आईनेही.

“काका,” मी म्हटलं, “मंगळवारी दाढी नीट चिकटव हं. आज डावीकडून सुटली होती.”